मुराळी

प्रिय दादा,

आम्ही खुशाल हाव असं लिहिलं तर तू लगीच चिट्ठी घडी करून ठिवशील, म्हनून तसं लिहीत न्हाई. लेकरं मात्र खुश हायेत. त्यांना वाटतंय सहल चाललीय. आधी नांदेडला होताव. दिवसभर बगीचात, रातीला गुरुद्वाऱ्यात. तिथं जेवायलाबी मिळतं आन कुठून आलीस म्हनून कुनी इचारत न्हाई. मग लातूर. तिथं सर्वेश झोक्यावरून उतरंना, लई रडला. आता उदगीर. कोन्या गावची घसरगुंडी उन्हात तापती, कुठल्या झोक्याची साखळी कुरकुरती, पान्याचा नळ कुठं हाय, शिवांगीला इचार, समदं सांगंल. पहिलीतली पोर, शाळा बुडवून एवढंच शिकली.

बाईमानूस एकटं ष्ट्यांडावर बसलं की लोक बघत्यात. बगीचात लेकरासंगं बसलं की कुनी बघत न्हाई. लातूरला एका बाईनं इचारलं, पाहुणे आलाव का. मी व्हय म्हनलं. तिनं डब्यातला चुरमुऱ्याचा सुशीला लेकरांच्या हातावर ठिवला. म्हनली, नशीबवान हायेत तुझी लेकरं, आमच्याला कुनी फिरवत न्हाई. मी खाली मान घालून बसले. मला झोका डाव्या हातानंच द्यावा लागतो. उजवा खांद्याच्या वर जात न्हाई. कवापासून ते तुला ठाव न्हाई, कारन तू कधी इचारलंच न्हाईस.

पंचमी आठव. दरसाली तू मुराळी होऊन देगलूरला मला माहेरी न्यायला यायचास, डोक्याला रुमाल, हातात पिशवी, आन मी तुझ्या मागं गल्लीतून ताठ मानेनं चालायची. पन एका साली तू यायच्या आधीच मी लेकरं घेऊन आपली आपन आले. तारामती वैनी दारातच म्हनली, "न्यायला कुनी गेलं न्हाई आन आलीस? लोकाला काय सांगावं?" मला मागच्या दारानं घरात घेतलं, चोरून आनलेल्या शेळीवानी. माय भाकरी थापीत राहिली. मी तुला पाठीवरचे वळ दावले. तू तोंड फिरवलंस, आन सकाळी माझ्या नवऱ्याला फोन केलास. सुदर्शन पेढे घेऊन आला, गोड बोलला. तू त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केलास. देगलूरला गेल्यावर तोच टॉवेल माझ्या तोंडात कोंबून सुदर्शननं माझा हात पिरगाळला. टॉवेल नवा होता, आवाज भाईर गेला न्हाई.

मी तरीबी राहिले असते. राहतच होते. पन या बारीला दूध सांडलं म्हनून त्यानं शिवांगीला भिंतीवर आपटलं. ती रडलीबी न्हाई, नुसती माझ्याकडं बघत होती. तवा निघाले. फोन घरीच टाकला, फोनवरून तो आमचा ठिकाना काढतो.

काल शिवांगीनं सर्वेशच्या डोक्याला माझा रुमाल गुंडाळला, हातात पिशवी दिली. म्हनली, तू हणमंत मामा, मला न्यायला ये. त्याला काय कळतंय, तो आला आन तिला ढकलून पळाला. ती उठून चड्डीची माती झाडत म्हनली, "असं नसतंय रे. मामा हात धरतो." दादा, तिला अजून तेच आठवतंय. फोन केलेला मामा तिला ठाव न्हाई. मी सांगितलं न्हाई.

इथून आपलं गाव अर्ध्या तासाचं. मी येत न्हाई. मागच्या दारानं आता मला घरात जायचं न्हाई. ही चिट्ठी आपल्या गावच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते. आम्ही कुठं हाव ते आजवर कुनालाच ठाव न्हवतं, आता तुला झालं. उद्या दिवसभर किल्ल्याच्या रस्त्यावरच्या बगीचात बसते. मुराळी होऊन ये. डोक्याला रुमाल बांध, आन समद्यांच्या देखत पुढच्या दारानं ने. जमत नसंल तर येऊ नको, मी म्हनीन भाऊ न्हवताच. पन सुदर्शनला फोन करू नको. घसरगुंडीवर चढलं की बगीचाचं फाटक दिसतं. शिवांगी सारखी वरच बसून राहती, घसरत न्हाई. फाटकातून कोन येतंय ते माझ्या आधी तिला दिसंल.

तुझीच, तू म्हनलास तर,
आरती