नंबर मोठा, दानत छोटी

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पार्लरवाली आज दुकानावरून गेली ती मान पलीकडे वळवून. डोळ्यांवर आमचाच चष्मा! निम्मे पैसे अजून यायचेत. "पुढच्या आठवड्यात नक्की" हे तिचं कधीपासून चाललंय. हे म्हणतात, जाऊ दे, गिऱ्हाईक तुटेल. यांचं बरं आहे! हे आत पडद्यामागे डोळे तपासतात, गोड बोलतात. बाहेर काउंटरवर उधारीची तोंडं बघायची ती मी.

कोणावर विश्वास ठेवायची सोय नाही. त्यातून गोडबोल्या माणूस तर हमखास बुडवतो.

८ फेब्रुवारी, रविवार

युक्ती सापडली! नवी फ्रेम घालून बघताना काचा बिननंबरच्या असतात. त्यामुळे बिचाऱ्यांना आरशात स्वतःचं तोंडही धड दिसत नाही. म्हणून मी मोबाइलवर फोटो काढते आणि नाकाजवळ धरून दाखवते. ते सगळे फोटो माझ्याकडे पडून आहेत. दुकानाच्या पेजवर एकेकाचा टाकायचा. खाली ओळ — "नंबर मोठा, दानत छोटी! हा चष्मा अजून दुकानाचाच आहे." पैसे आले की फोटो काढून टाकायचा.

ओळ सुचली तेव्हा एकटीच हसत बसले. यांना सांगितलं नाही. नाही म्हणाले असते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल दोघांचे फोटो टाकले. आज पार्लरवाली धावत आली. पैसे काउंटरवर आपटले. एवढं करायची काय गरज होती, म्हणाली. होती बाई! क्लासवाल्या सरांनी मेव्हण्याच्या हातून पाठवले, स्वतः आले नाहीत. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ते काही खोटं नाही.

हे दिवसभर गप्प. गप्प म्हणजे मनात काहीतरी शिजतंय. पेजचा पासवर्ड बदलून ठेवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज आमच्या छोटीच्या शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हरकाका. छोटीला रोज नेतात-आणतात, म्हणून त्यांना वाटतं चष्मा फुकटात पचेल. फाटकाशी "नमस्कार ताई" अगदी न चुकता. पैशाचा विषय काढला की लगेच गाडी सुरू! म्हटलं बघाच आता.

टाकला फोटो. हसलेत छान त्यात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नणंदेचा मुलगाही त्याच व्हॅनने जातो. तिने तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "हे आपलेच काका ना? नंबर मोठा म्हणे!" विचारलं तर म्हणते, सहज टाकला. सहज! या बाईने जन्मात काही सहज केलेलं नाही.

ग्रुपवर नुसता गदारोळ. इतकं कमी दिसतं त्यांना? आणि आमची मुलं त्यांच्या हातात? उधारीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

कसला मोठा नंबर! साधी चाळिशी आहे, जवळचं वाचायला. लांबचं घारीसारखं दिसतं. ओळ तर मी सगळ्यांनाच तीच लावते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ड्रायव्हरकाका दुकानात आले. सगळे पैसे घेऊन. मी दोनदा मोजले, बरोबर निघाले. म्हणाले, "ताई, उधारी राहिली ही चूक माझी. पण नंबर मोठा नाही, एवढं तरी लिहा. शाळेने गाडी काढून घेतली."

उधारीची लाज नाही आणि नंबराची एवढी! काहीतरी गोम आहे. आणि गाडी खरंच काढली, की नुसता कांगावा? उद्या फाटकाशी कोण येतो ते बघते.

फोटो काढून टाकला. लिहिलं काही नाही. पैसे आले, विषय संपला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुसराच आला! तरुण, चटपटीत, बिनचष्म्याचा. पालक खूश. ग्रुपवर काडी टाकायला नणंदेला यानेच तर फूस लावली नसेल?

हे शेवटी बोलले. म्हणाले, दुकानाच्या कागदावर लिहून देऊ, लांबची नजर स्वच्छ आहे म्हणून. मी नाही म्हटलं. आपण कशाला जामीन राहायचं? उद्या त्यांनी कुठे गाडी ठोकली तर शाळा आपल्या मानगुटीवर बसेल. आणि तपासताना यांनीच दयेपोटी तक्त्यावरची एखादी ओळ सोडून दिली नसेल कशावरून? यांना तोंडावरच विचारलं.

"तुझा माझ्यावरही विश्वास नाही," एवढंच म्हणाले. ताटावरून उठले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाजारामागच्या गोदामाशी ड्रायव्हरकाका पोती उतरवताना दिसले. मी रस्त्याच्या या टोकाला, ते त्या टोकाला. तरी त्यांनी मला बरोबर ओळखलं. नमस्कार केला नाही. पोतं उचलून आत गेले.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. या वयात पोती! तरी म्हणते, वेळेवर पैसे दिले असते तर ही वेळ आली असती का?

२२ फेब्रुवारी, रविवार

द्यावा का तो कागद लिहून? बघू.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मुलांना शाळेत सोडून नवा ड्रायव्हर दुकानात आला. डोकं फार दुखतं म्हणाला. यांनी आत नेऊन तपासलं. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर तेवढं वाचलं त्याने, खाली सगळं धूसर. यांनी बजावलं, चष्म्याशिवाय गाडीला हात लावू नकोस. तो उठलाच. काउंटरशी थांबून मला म्हणाला, "चष्मा नको ताई. आधीच्या काकांचं काय झालं, बघितलंय मी." आणि व्हॅन घेऊन गेला.

छोटीला मी जाऊन आणेन. बाकीच्या मुलांचं काय? शाळेचा फोन कुणी उचलेना. शेवटी ग्रुपवर लिहिलं — नव्या ड्रायव्हरला दिसत नाही, मुलांना व्हॅनमध्ये बसवू नका.

पहिलं उत्तर नणंदेचं. "का गं वहिनी, याचेही पैसे थकले वाटतं?"

खाली सगळ्यांचे हसरे चेहरे.