शेवंतीच्या वाफ्यात ताक

मुक्काम तलवाडा, तालुका गेवराई

रा. रा. मोहनराव यांस, थोरले साडू तानाजी वस्ताद यांचा तुमच्या कडा गावापर्यंत ऐकू जाईल असा रामराम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही तिकडे बरे असणारच, कारण तुमचे तोंड मला रोज सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर दिसते. केशरबाईंच्या कंबरेला आता उतार आहे ना? आमच्या छबुबाईने धाकट्या बहिणीच्या मालिशीसाठी करडईचे तेल कॅन भरून दिले होते. ते तुम्हाला का मिळाले नाही याचा खुलासा पुढे येतो आहे. (तेल कड्याला पोचले. फक्त तुमच्या घरी पोचले नाही.)

विषय तुमच्या फोटोंचा. विद्यापीठाने खेळाडूंच्या सरावाचे नवे केंद्र तुमच्या कड्यात बांधायला काढले, याला माझी ना नाही. त्यांना तलवाडा दिसला नाही हा त्यांच्या नजरेचा प्रश्न. पण भूमिपूजनापासून तुम्ही एक दिवस खाडा केला नाही. आज पाया भरला, आज कॉलम उभे राहिले, आज पत्रे चढले. आणि प्रत्येक फोटोत बांधकामाच्या पुढे तुम्ही, डोक्यावर पिवळी टोपी, कमरेवर हात, जणू विद्यापीठ तुमच्या वडिलांनी काढले आहे. जन्मभर तुम्ही कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या. तुमच्या पाठीला कधी माती लागली नाही हे मी कबूल करतो, पण त्यासाठी माणसाला आधी आखाड्यात उतरावे लागते. तरी कुस्तीचा हॉल तयार झाला तेव्हा तुम्ही फोटोखाली लिहिलेत, 'आपला हॉल'. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मी जळतो, मोहनराव. लपवून काय करू? मीही ईर्षेने तालमीला चुना दिला, बजरंगबलीला नवा शेंदूर लावला, दारात उभा राहून फोटो काढून घेतला आणि आपल्या पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यावर एकट्या केशरबाईंचे उत्तर आले, 'म्हैस छान आहे.' (मागे शेजारच्या बायडाबाईंची म्हैस आली होती, हे मला नंतर दिसले.) हेही मी गिळले असते. पण तुमचे फोटो माझ्याआधी आरोही बघते. ही माझी नात म्हणजे तालमीतली शेवटची पठ्ठी. बाकीची पोरे मोबाईलात चीत झाली. कॉलेजातर्फे खेळली, तिकडच्या सरावासाठी तिची निवडही झाली आणि एक दिवस जोर काढता काढता म्हणाली, "आबा, तिथं मॅट हाय. आता समद्या कुस्त्या मॅटवरच असत्यात. मला जाऊ द्या." मी म्हणालो, न्हाई. तेव्हापासून ती माझ्याकडे पाठ करून बैठका मारते. ती गेली की तालमीत मी आणि बजरंगबली, आणि त्यांना कुस्ती शिकवायची गरज नाही. तेव्हा या केंद्रात काहीतरी खोट असणारच, ती स्वतः जाऊन शोधायची, असे मी ठरवले.

छबुबाईला सांगितले, साडूकडे तेल द्यायला जातो. कड्याच्या स्टँडवर उतरलो, उपरणे तोंडावरून घेतले (तुमचे घर रस्त्यावर आहे आणि तुम्ही ओट्यावरच असता) आणि थेट बांधकामावर गेलो. धावपट्टी पाहिली, खोट सापडली नाही. हॉल पाहिला. मॅट बोटाने दाबून पाहिली, मग कुणी नाही बघून कोपराने दाबून पाहिली. पडणाऱ्याला लागत नाही अशी जागा, म्हणजे पडायची भीती जाणार; ही एक खोट मी मनात धरली. पुढे मुलींची कपडे बदलायची खोली होती. दाराला आतून कडी. मी ती लावली, काढली, परत लावली. आमची आरोही बायडाबाईंच्या गोठ्यात कपडे बदलते आणि बायडाबाई दारात पाठ करून उभ्या राहतात. त्या खोलीत मी खोट शोधत बराच वेळ उभा होतो.

मग फार राग आला म्हणून बाहेर पडलो, तर इमारतीच्या पुढेच चौकोनी हौद, काठाला विटा, आत लाल माती चाळून भरलेली! माझा जीव एकदम हलका झाला. म्हटले, मॅट असेल, पण या लोकांनी मातीचा मान ठेवला. उचलून बघतो तर माती कोरडी ठाक. ताक नाही, हळद नाही, तेलाचा थेंब नाही. अशा मातीत पोर उतरले तर अंग सोलून निघेल. दुसऱ्याची का असेना, माती अशी टाकून वस्तादाला जाता येत नाही. स्टँडवरच्या हॉटेलातून ताकाचे कॅन आणले, दुकानातून हळद, लिंबे, कापूर आणला, आणि तेल तर बरोबर होतेच. (केशरबाईंची क्षमा मागतो.) सगळे ओतून खालीवर केले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि जोरात शड्डू ठोकला. त्या आवाजाने त्यांची इंजिनिअर पोरगी, स्वप्नाली नावाची, पळत आली.

"आजोबा, काय करायलेत तुमी? हितं शेवंती लावायची हाय!"

"मग माती लाल कावून आणली?" मी विचारले. पण ताकाच्या वासाने आलेली गावातली कुत्री वाफ्यात लोळू लागली होती, म्हणून मी वाद वाढवला नाही. मिळाली ती एसटी पकडली.

परवा तुम्ही तिथल्या नव्या पाटीचा फोटो टाकलात, 'येथे ताक ओतू नये', आणि खाली विचारलेत, 'कोण येडं असंल बे हे?' साडूभाऊ, ते मी. हे ग्रुपवर आपल्या तोंडाने सांगणे बरे दिसेना, म्हणून पत्र लिहिले. तुमच्या केंद्राबद्दलचे माझे मत बदललेले नाही. कृपा करून मला फोटो पाठवणे आजपासून बंद करा. केशरबाईंना आशीर्वाद.

आपला,
तानाजी वस्ताद

ता. क. – आरोही सोमवारी कड्याला येते आहे. होस्टेल उघडेपर्यंत तुमच्याकडे राहील. दूध धारेचे लागते. मी आनंदाने पाठवले असे तिला सांगू नका. मी रागावून पाठवले आहे. तिच्या पिशवीत तालमीतली माती आहे, तेवढी कुणी वाफ्यात टाकू नये.

आणखी ता. क. – फोटो बंद करा असे वर लिहिले आहे ते खोडत नाही, शाई वाया जाते. पण सोमवारपासून रोज एक पाठवा, चहाच्या आधी. इमारत नको, ती पाहून झाली. पोर दिसली पाहिजे. तुम्ही पिवळी टोपी घालून शेजारी उभे राहिलात तरी मी काही म्हणणार नाही. फक्त तिच्या पुढे उभे राहू नका.