हंसाने अडवलेला पूल आणि पत्नीस द्यावयाचा दाखला

प्रति,
मा. नदी निरीक्षक,
वेलबर्न खोरे मासेमारी कार्यालय,
हॅम्पशायर.

दिनांक : ३ जून १९५४

विषय : मी बेटावर खरोखरच अडकलो आहे, असा दाखला माझ्या पत्नीस देणेबाबत.
संदर्भ : पूल बंद केल्याची आपली शनिवारची नोटीस.

महोदय,

१. मी, एमोस ट्रिगवेल, निवृत्त पोस्टमन, शनिवारी सकाळी लाकडी पुलावरून नदीतल्या बेटावर ट्राउट मासे धरावयास गेलो. दुपारी पुलालगतच्या घरट्यात हंसाची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली आणि नर हंस पुलावर येऊन फुत्कारू लागला. आपले रखवालदार श्री. जेथ्रो पास्क यांनी, पिल्ले तिथून हलेपर्यंत पूल बंद, अशी नोटीस ठोकली. मी बेटावर आहे हे त्यांना दिसत होते. मी ओरडून विचारले असता, "काका, नोटिशीत माणसांचं काही लिहिलेलं नाही," असे उत्तर मिळाले.

२. नदीत पाय घालण्यास मनाई असून, घातल्यास परवाना कायमचा रद्द होतो. हा परवाना मिळावा म्हणून मी अर्धे आयुष्य वाट पाहिली आहे. परवान्याच्या अटींनुसार मी प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच गळ टाकतो, तोही वर येऊन माशी टिपणाऱ्या ट्राउटसाठीच, आणि धरलेला मासा परत सोडतो. त्यामुळे सध्या श्री. पास्क लांब काठीला बांधून देतात त्या पाव-चीजवर गुजराण चालू आहे. समोर ताटभर मासे उड्या मारतात आणि मी उपाशी. पण नियम म्हणजे नियम.

३. खरी अडचण पुढे आहे. ट्राउट ज्यांवर तुटून पडतात त्या मेफ्लाय माश्यांचा हंगाम सध्या ऐन भरात आहे. "हा शेवटचा गळ, निघालोच," असे मी पत्नी सौ. विनिफ्रेड यांस लग्नापासून सांगत आलो. गळ टाकणारा कोण असे सांगत नाही? श्री. पास्क निरोप घेऊन गेले तेव्हा, "पुलावर हंस म्हणे! दरवर्षी नवीन काहीतरी सुचतं मेल्याला," असे त्यांचे उद्गार निघाले. त्या आपल्या बहिणीकडे कायमच्या जावयास निघाल्या आहेत. त्यांच्याविना त्या घरात मला राहवणार नाही, हे स्पष्टच लिहितो. तरी दाखला त्वरित मिळावा. शिक्का ठळक असावा.

४. मी इथे दिवसभर मासे धरतो, असेही श्री. पास्क यांनी घरी सांगितले. ते खरे आहे. बेटावर अडकलेल्याने दुसरे काय करावे, याबाबत कार्यालयाने मार्गदर्शन करावे.

५. हे लिहीत असता सौ. विनिफ्रेड बॅग घेऊन समोरच्या काठावर आल्या. म्हणाल्या, "दिसतोय मला हंस. काल पण येऊन बघून गेले. तू खोटं बोलतोस असं नाही म्हणत मी, एमोस. पण पाणी गुडघाभर आहे रे." एवढे बोलून त्या बसथांब्याकडे गेल्या.

६. सबब, दाखला नको. हे शेवटचे कलम त्याच समोरच्या काठावरून लिहीत आहे. श्री. पास्क यांनी शिट्टी वाजवली, त्यांनी आपले कर्तव्य केले. कागद त्यांच्याच हाती देतो. बस अजून थांब्यावर उभी आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

घाईत असलेला,
आपला नम्र,
एमोस ट्रिगवेल

सोबत : परवाना (ओला).