रकाना रिकामा सोडू नये

३ मार्च, सोमवार
जळगावच्या आमच्या ट्रस्ट हॉस्पिटलला अखेर अक्कल आली. मशीनची देखभाल नीट होते का, हे तपासून मार्क द्यायला मला बोलावलंय. मशीनमधलं मला काही कळत नाही. गरजही नाही. छत्तीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये वह्या तपासल्या. कामचुकार माणूस वहीतच सापडतो.

५ मार्च
नवी इमारत. इंजिनिअर हितेंद्र, माझाच विद्यार्थी. वाकून नमस्कार केला. रजिस्टर बघून डोळे निवले. एकही रकाना रिकामा नाही. प्रत्येक मशीनवर ‘तपासले’ अशी चिठ्ठी, सरळ चिकटवलेली. अठ्ठ्याण्णव मार्क. दोन कापले, डोक्यात हवा जायला नको.
तिथेच बीपी मोजून घेतलं. १२४/८०! म्हणजे नऊ वर्षं डॉक्टर मला फुकट गोळ्या चारतायत. उद्यापासून बंद.

७ मार्च
जुनी इमारत. टेक्निशियन भाईदास, शिंदखेड्याचा. शर्टाला ग्रीस. मला ‘मॅडम’ नाही, ‘अक्का’ म्हणतो. रजिस्टरात निम्मे रकाने कोरे. जाब विचारला, तर म्हणे, जे तपासं नही ते कसं लिखू, अक्का?
उद्धट! त्याच्या मशीनवर माझं बीपी १७२/१००. मशीन अडगळीत टाका, असा शेरा मारला. भाईदासला बारा मार्क. तेही दयेपोटी.

१२ मार्च
ज्योत्स्नाचा धुळ्याहून फोन. गोळी घेतली का? मुलगी आहे की इन्स्पेक्टर! घेतली म्हटलं. दुपारी शेवभाजी, लोणचं, तीन पापड. डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१८ मार्च
मान जड. उशी बदलायची.

२१ मार्च, शुक्रवार
आज ट्रस्टींसमोर अहवाल वाचन. गुलाबी साडी इस्त्री केली.

२३ मार्च
वॉर्डातून लिहितेय. अहवालातल्या ‘अचूक’ या शब्दापाशी चक्कर आली. मी जमिनीवर आडवी, आणि हितेंद्रचं मशीन तरी १२४/८०च दाखवतंय! सिस्टरला, वॉचमनलाही १२४/८०. शेवटी भाईदासने अडगळीतून स्वतःचं मशीन आणलं. २१०/१२०. वर मलाच सांगतो, चिठ्ठी नवी शे अक्का, मशीन कव्हयंच मरी गयं.
हितेंद्र आला. न तपासता का लिहिलंस, विचारलं. म्हणाला, मॅडम, मशीन चारशे, मी एकटा. आणि तुम्हीच शिकवलं होतं, उत्तर येत नसलं तरी जागा कोरी सोडायची नाही.
विश्वासघातकी! पहिल्या बाकावर बसवलं होतं याला.

२४ मार्च
सकाळी भाईदास बीपी मोजून गेला. मार्कांचा विषय काढला नाही. मला ते जास्त लागलं.
मग सिस्टरने फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता, सुवाच्य अक्षरात भरलं. शेवटचा प्रश्न: गोळ्या स्वतःहून बंद केल्या होत्या का? ज्योत्स्ना खांद्यावरून वाचत होती.
उत्तर येत होतं. रकाना रिकामा सोडला.