चढावरचं उट्टं

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण: सूड.

आज सासरेबुवांकडे जाताना शेवटच्या चढावर साडूने मला ओव्हरटेक केलं. ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण पुढे गेल्यावर त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. एकदा नाही, तीनदा. ही म्हणते, नमस्कार केला असेल. तळहात उलटा करून नमस्कार कोण करतं?

खरं दुखणं मला माहीत आहे. सासरेबुवांनी पंचवीस वर्षं वापरलेली गाडी मोठ्या जावयाला, म्हणजे मला दिली. धाकट्याला नाही. म्हणून त्याने नवी पांढरी घेतली आणि आता मिरवतोय.

संकल्प: २० एप्रिलला सासरेबुवांना पंचाहत्तर पूर्ण. सगळे वर जमणार. त्याच चढावर त्याच्या नाकावर टिच्चून पुढे जायचं. हात मीही हलवणार. चारदा.

५ मार्च
सासरेबुवांचा फोन. मोतीबिंदू पिकलाय, वाढदिवसानंतर लगेच ऑपरेशन. आता फक्त उजेड आणि रंग कळतात. म्हणाले, भेटवस्तू आणू नका, आपल्या गाडीतून एक फेरी मारून आणा. चार वर्षांत बसलो नाही तिच्यात. मी हो म्हटलं. सासरेबुवा शेजारी, साडू आरशात. झकास.

८ मार्च, शनिवार
गॅरेज. मिस्त्रींना म्हटलं, पॉवर वाढवायची. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, कुठली पॉवर? त्यांच्या मते आधी झिजलेली क्लच प्लेट बदलायची, रेडिएटर साफ करायचा, मग पुढचं बोलायचं. ही म्हातारपणाची कामं. मला जवानीची हवीत. क्लच नंतर.

११ मार्च
व्हिडिओ पाहिले. नऊ घरी, चार ऑफिसात. आता या विषयात मला विचारल्याशिवाय कुणी पान हलवू नये.

१५ मार्च
एअर फिल्टर मोकळा केला, कार्बोरेटरला पेट्रोलचा मोठा जेट, सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढून टाकली. काय आवाज! मी कोपऱ्यावर असतानाच ही तिसऱ्या मजल्यावर दार उघडून उभी. मिस्त्री म्हणाले, आवाज वाढला म्हणजे फक्त आवाज वाढला. माणूस हाताचा चांगला आहे, पण झेप नाही.
पेट्रोल जास्त पितेय. वाढत्या वयात भूक लागतेच.

१९ मार्च
तळमजल्यावरच्या बाई वर आल्या. माझ्या गाडीमुळे त्यांचं बाळ दचकून उठतं. साडूकडून फूस असावी. ते एकमेकांना ओळखत नाहीत, हेच संशयास्पद आहे.

२९ मार्च, शनिवार
लहान चाकं बसवली. व्हिडिओत सांगितलं होतं, पिकअप वाढतो. वाढला! ज्या रस्त्यावर काटा ऐंशी दाखवायचा, तिथे आज शंभर. मिस्त्रींचं म्हणणं, चाक लहान झालं की काटा खोटं बोलतो. काट्याला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार?

परत येताना भाजीची पिशवी पायाशी ठेवलेल्या एका बाईंनी स्कूटरवरून मला मागे टाकलं. म्हणजे त्या एकशे दहाने जात असणार. लोकांना जिवाची पर्वा राहिलेली नाही.

५ एप्रिल
वजन. शत्रू आत आहे हे आज समजलं. स्टेपनी, जॅक, मागची सीट, दारांची आतली पॅनेल, सगळं काढलं. मग डावी सीटही. ही म्हणाली, बाबा कुठे बसणार? वर गेल्यावर बघू म्हटलं. मग मी कुठे बसू? साडूच्या गाडीत बस, म्हणजे त्याचं वजन वाढेल.

७ एप्रिल
ही दोन दिवस बोलत नाही. वजनाचा विषय टाळायला हवा होता. डावी सीट गॅलरीत ठेवली आहे. ही तिच्यावर बसून चहा पिते आणि माझ्याकडे बघते.

१३ एप्रिल, रविवार
चढावर ट्रायल. इंजिन असं ओरडलं की झाडावरची पाखरं उडाली. गाडी मात्र त्या मानाने पळत नव्हती. थोडा जळका वास. माझं निदान: पॉवर इतकी वाढली आहे की चाकांपर्यंत एकदम पोचत नाही. मिस्त्रींनी फोनवर एकच शब्द उच्चारला. क्लच. मी फोन ठेवला.

१८ एप्रिल
साडूचा फोन. परवा बरोबरच निघू या का, दहा वाजता? शिकार स्वतः वेळ ठरवतेय. मी फार गोड बोललो. ठेवल्यावर आरशासमोर हात हलवायची प्रॅक्टिस केली.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळी पाच. सासरेबुवांच्या घरी.
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीशी तरी प्रामाणिक राहायला हवं.

चढ सुरू झाला तेव्हा साडू माझ्या मागे होता. हे नोंदवून ठेवतो. मागे होता. दुसऱ्या वळणावर मी पाय दाबला, काटा नव्वदवरून घसरला आणि गाडी थांबली. इंजिन बोंबलतंय, धूर निघतोय, गाडी जागची हलत नाही. मग उलटी घसरायला लागली. हँडब्रेक ओढला.

साडू उतरला. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्याने डिकी उघडून टोइंगचा दोर काढला. दोराखाली माझी डावी सीट होती. तिचे चार बोल्ट हिच्या पर्समध्ये होते. दोघांनी कालच ठरवलं होतं म्हणे. मला लाज वाटली. रागही आला, पण लाज जास्त.

ओढत वर नेलं. सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून फाटकाशी उभे. सकाळी आठपासून तयार होते, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, निघायचं?

मी साडूकडे पाहिलं. साडूने ओठांवर बोट ठेवलं. दहा मिनिटांत सीट बसवली, दोर पुन्हा बांधला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. मी स्टिअरिंग धरलं, गाडी न्यूट्रलमध्ये. सासरेबुवा शेजारी बसले. त्यांनी काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं. वरच्या सपाट रस्त्यावर आम्ही हळूहळू निघालो.

त्यांनी वारा तोंडावर घेतला. मग म्हणाले, "काय काम केलंत हो. इंजिनचा आवाजसुद्धा येत नाही."

मी म्हटलं, मेहनत घेतली थोडी.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मग डोळे बारीक करून पुढे पाहिलं. "पुढे पांढरं काहीतरी आहे. गाडी आहे का?"

आहे म्हटलं.

"मघापासून अडवतोय. हॉर्न द्या जावईबापू, काढा पुढे."

मी हॉर्न दिला. साडूने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. तीनदा, तळहात उलटा. हात दाखवतोय, मी सांगितलं.

"बघा, जा म्हणतोय," सासरेबुवा म्हणाले. "भला माणूस दिसतोय. जा की."

मी गेलो नाही. दोर बारा फुटांचा होता.