चाल न लावता

मंगळवार, ४ मार्च
गेलो एकदाचा! लेकीने तंबीच दिली होती – "बाबा, आधी त्या समुपदेशक बाईंना भेटा, मग आईशी बोलू." ही लेकीकडे जाऊन महिना होऊन गेला. घर खायला उठतं.

बाई लेकीच्याच वयाची. खोलीत दोन सारख्या खुर्च्या, मध्ये टेबलसुद्धा नाही. "कसं वाटतंय, काका?" म्हणाली. मी शाळेतली कविता म्हटली – अख्खी, चालीवर! गुरुजींनी बसवलेली चाल अजून जागची हलली नाही. तिने ऐकून घेतली. गुणी पोर.

मंगळवार, ११ मार्च
बाईची अशी एक रीत नाही. आधी श्वास मोजायला लावला, मग लहानपणात नेलं. आई गेली त्या दिवशीही मी कोपऱ्यात कविता घोकत बसलो होतो, ते आठवलं. "माणूस बघून वाट धरते मी," म्हणाली. मी लगेच वाटेवरची कविता काढली.

आणि बाईने काय म्हणावं! "काका, तुम्ही कविता सुरू केलीत की मला दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं."

औषध आणायला गेलो, टोमणा घेऊन आलो. पुन्हा पाऊल टाकणार नाही!

बुधवार, १२ मार्च
दाराबाहेर –

शुक्रवार, १४ मार्च
लेकीला फोनवर सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. तर म्हणाली, "आईही तेच म्हणते, बाबा."

हिचा भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा ही स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. मी शेजारी बसलो आणि मरणावरची कविता म्हटली. मला वाटलं, धीर देतोय! ही लेकीला म्हणाली, "मी रडत होते आणि हे चाल लावत होते."

साधा पाठीवर हात ठेवला नाही मी.

मंगळवार, १८ मार्च
गेलो. राग आला होता, हे तोंडावर सांगितलं. बाई म्हणाली, "बरं झालं बोललात. मीही जरा घाईच केली. पण काका, इथं आपल्या दोघांत जे झालं, तेच घरीही होत असेल का?" रुसलेल्या माणसाशी असंही बोलता येतं!

मग बाहेरून तिसरी खुर्ची ओढली. "इथं काकू बसल्यात. बोला. कविता नको."

अख्खं पुस्तक पाठ – आणि हिच्यासाठी माझं स्वतःचं एक वाक्य नाही.

मंगळवार, २५ मार्च
त्या खुर्चीला विचारलं, "तुझा भाऊ लहानपणी कसा होता गं?" सगळा संसार झाला, हे कधी विचारलंच नव्हतं. बाईचे डोळे भरले. माझेही.

मंगळवार, १ एप्रिल
ही आली! त्या खुर्चीत खरीखुरी बसली. तेच विचारलं. बोलत राहिली – भावाची सायकल, दोघांनी मिळून खाल्लेला मार, त्याचा शेवटचा फोन. कविता जिभेवर आली होती. गिळली.

निघताना म्हणालो, "चल घरी."

"नाही हो. घरी नको. पण दर मंगळवारी इथं येईन," म्हणाली. "इथं तुम्हाला ऐकू येतं."