माहीत नाही

३ जून
यंत्राने आज पुन्हा दिवे लावले! रात्रंदिवस वाचत असतं — बातम्या, जाहिराती, शाळांची पत्रकं — आणि सकाळी ‘शिकलेल्या गोष्टीं’ची यादी माझ्यापुढे टाकतं. मी तीन बटणांची मालकीण: बरोबर, चूक, माहीत नाही. आज म्हणे, कंगव्याला दात असतात, म्हणून तो चावतो. चूक!

५ जून
यादीत दादाचं नाव. आडनावासकट. चहा सांडला.
अकरा वर्षं झाली. आईशी भांडून गेला तो गेलाच. यंत्राच्या मते तो दंतवैद्य आहे, गोलरक्षक आहे, सुतारकामाचा मास्तर आहे, आणि वारलाही आहे. एकाच नावाची चार माणसं बिचाऱ्याने एकात कालवलीत. ‘चूक’ दाबलं की विषय संपतो, ‘बरोबर’ दाबलं तरी संपतो. ‘माहीत नाही’ दाबलं, तरच ते आणखी वाचून पुरावा आणतं.
दाबलं.
माझं नाव दादानेच ठेवलेलं, स्वतः जुळवून. तसलं नाव दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही. शाळेत त्यावरून चिडवायचे, तेव्हा भांडायलाही तोच यायचा.

६ जून
माहीत नाही.

११ जून
साहेब म्हणाले, “ताई, एकाच माणसावर किती दिवस अडून बसणार? यंत्राला वाटेल, तुम्हालाच काही येत नाही.” हसले. मीही हसले, पण लाज वाटली. तसं मी खोटं कुठे सांगतेय? मला खरंच माहीत नाही.

१४ जून
गोलरक्षक एकोणीस वर्षांचा — गेला. दंतवैद्याचा फोटो मिळाला — आपला नव्हे. उरले मास्तर आणि वारलेला. दादा आणि सुतारकाम? खिळा ठोकायला घेतला की बोट ठेचून घ्यायचा! जीव टांगणीला लागलाय.
आईला काही बोलले नाही. त्याचं नाव घरात काढायचं नाही, हा तिचाच नियम. पण जेवताना तीच म्हणाली, “तुझं ते यंत्र माणसांबद्दलही वाचतं का गं?” म्हटलं, कुठे छापून आलं असेल तर. भात चिवडत राहिली. मग म्हणाली, “छापून येण्यासारखं काही केलं नसेल त्याने.”

१७ जून
वारलेल्याचं वय आलं. बेचाळीस. दादाही बेचाळीसच.
साहेबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता झापतील. खुर्ची ओढून शेजारी बसले. “परवा ही यादी बंद होते. तोवर वाचू दे त्याला. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणा.”
किती वेळ रडले, देव जाणे.

१९ जून
शाळेच्या पत्रकातली एक ओळ. धावण्याच्या शर्यतीत पहिली: सुतारकामाच्या मास्तरांची मुलगी. मुलीचं नाव — माझं!
बरोबर. बरोबर. बरोबर!
आईला फोन केला. ती ओळ तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, “विचार त्याला, बोटं सांभाळतो ना?”